हेदवीकडचं घर, रत्नागिरीतला फ्लॅट: एका शिफ्टिंगचं प्रकरण

पॅकर्सवाल्यांच्या हिशेबात गिऱ्हाईक एका घरातून निघतं, दुसऱ्या घरात जातं आणि मागे उरतो तो फक्त केर. कोकणात असं शिफ्टिंग क्वचितच होतं. इथं माणसं जातात, घर राहतं. गणपतीला आणि शिमग्याला परत यायचं असतं, तेव्हा पाट, समया, मोठी पातेली आणि पाहुण्यांच्या गाद्या मागेच ठेवाव्या लागतात. उलट सामान उचलायला आलेल्या माणसाला दिसेल ते उचलायची सवय असते, आणि पैसेही त्याला त्याचेच मिळतात. खालच्या प्रकरणातल्या बहुतेक अडचणी इथूनच निघाल्या.

घर गुहागर तालुक्यात, हेदवी आणि वेळणेश्वर यांच्या मधल्या एका वाडीत. माझ्या आत्याचं. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे खळं, म्हणजे अंगण, मग ओटी, माजघर, देवघर, मागे पडवी आणि वर माळा. काकांचे, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचे, गुडघे कामातून गेलेत, साखर आहे, आणि बरा डॉक्टर गाठायचा तर चिपळूण नाहीतर रत्नागिरी. मुलाने, म्हणजे माझ्या आतेभावाने, रत्नागिरीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि मिरगाच्या आत हलायचं असं ठरलं. एप्रिल आणि अर्धा मे गाड्या मिळणं कठीण, कारण त्या आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीच्या रस्त्याला लागलेल्या असतात. जून उजाडला की पावसाचा नेम नाही. म्हणून मे महिन्याचा शेवटचा आठवडा धरला.

माळ्यावर कोणी चढलंच नाही

कंपनीचा माणूस म्हणाला, व्हिडिओ कॉलवर घर दाखवा, लगेच कोटेशन देतो. आत्याने फोन हातात धरून ओटी, माजघर, झोपायची खोली आणि स्वयंपाकघर दाखवलं. माळा दाखवला नाही, कारण तिथं अंधार होता आणि जिना चढून जाणार कोण. पडवी दाखवली नाही, कारण पडवीतलं ते काय सामान आहे का, असं तिचं म्हणणं. कोटेशन स्वस्त आलं आणि सगळे खूश झाले.

आतेभावाने हट्टाने माणूस प्रत्यक्ष बोलावला म्हणून पुढचा तंटा टळला. चिपळूणहून आलेला तो मनुष्य आधी माळ्यावर चढला. दोन पेटारे, तांब्याचा बंब, लग्नातली पितळी भांडी, पाळणा, जुनी कौलं, मोकळ्या आंबापेट्यांची उतरंड. पडवीत जातं, उखळ, पाटा, भाताची कणगी आणि सोललेल्या नारळांचा ढीग. अंदाज जवळजवळ दीडपट झाला. पण तो आधी झाला. हेच सामान शिफ्टिंगच्या दिवशी दुपारी बाहेर आलं असतं, तर मुकादमाने हात वर केले असते आणि त्यात त्याचं काही चुकलंही नसतं.

कोटेशनवरच्या दोन ओळींवर वाद झाला. एक ओळ होती ई-वे बिलाच्या खर्चाची. वापरातल्या घरगुती सामानाला जीएसटीच्या नियमांत ई-वे बिलाची सूट आहे, हे दाखवल्यावर ती ओळ मुकाट्याने गेली. दुसरी विम्याची. मालाच्या सांगितलेल्या किमतीवर काही टक्के लावून कंपनी पैसे घेते आणि त्याला विमा म्हणते. पण विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक कागदावर नसेल तर तो फार तर कंपनीचा शब्द असतो. शिवाय आपण स्वतः भरलेल्या खोक्यातलं काही फुटलं तर बहुतेक ठिकाणी भरपाई नाकारतात. आतेभावाने हे विचारून घेतलं आणि काचसामान त्यांच्याच माणसांनी बांधायचं असं लिहून घेतलं. आत्याला ते पटलं नाही. तिच्या मते तिच्या बरण्या तिच्याइतक्या नीट कोणी बांधूच शकत नाही, आणि खरं सांगायचं तर तेही बरोबरच होतं.

अकरा फुटांचा बांबू

चौदा फुटी बंद आयशर ट्रक ठरला होता. वाडीत डांबरी रस्ता आहे, पण तो रिक्षा आणि दुचाकीच्या हिशेबाने केलेला. दोन्ही बाजूंना गडगे, वर आंब्याच्या फांद्या आणि त्यांतून गेलेली केबल. सर्व्हेला आलेल्या माणसाने गाडीची उंची सांगितली तेव्हा शेजारच्या पोराने बेटातला बांबू तोडून अकरा फुटांवर खूण केली आणि तो उभा धरून मोठ्या रस्त्यापासून बेड्यापर्यंत, म्हणजे आवाराच्या फाटकापर्यंत, चालत आला. दोन ठिकाणी बांबू अडला. एक केबल होती, ती वर बांधता आली. दुसरी हापूसची लागती फांदी होती, आणि मे महिन्यात हापूसची फांदी तोडू द्या म्हणायला कोणाचीच जीभ रेटेना.

तेव्हा मोठी गाडी रस्त्यावरच थांबवायची आणि घरापासून तिथवर छोट्या हत्तीने, म्हणजे लहान टेम्पोने, खेपा करायच्या असं ठरलं. म्हणजे प्रत्येक वस्तू दोनदा चढणार, एकदा उतरणार. त्याचे पैसे वेगळे, वेळ वेगळा आणि फुटण्याची शक्यता दुप्पट. हे कोटेशनमध्ये लिहून घेतलं. कोकणात बऱ्याच वाड्यांची हीच गत आहे आणि सकाळी गाडी अडल्यावर ती कळते, तेव्हा दर मुकादम ठरवतो.

घरापासून छोट्या हत्तीपर्यंत पाखाडी होती, जांभ्याच्या बावीस पायऱ्यांची. त्यातल्या एका पायरीचा चिरा हलत होता. घरच्यांना तो इतका सवयीचा की सगळे न बघता पुढच्या पायरीवर पाय टाकतात. डोक्यावर फ्रिज घेतलेल्या माणसाला पाय दिसत नाहीत. आदल्या आठवड्यात गवंड्याकडून चिरा बसवून घेतला, पाखाडीवरचा पाला आणि सुपारीची सालं झाडून काढली, बेड्याची दारं बिजागरीतून उतरवून ठेवली. बेड्याच्या खांबांमधलं अंतर सव्वातीन फूट भरलं. लोखंडी कपाट तीन फूट रुंद. म्हणजे कपाट जाणार होतं, पण ते धरलेल्या माणसाची बोटं जाणार नव्हती, म्हणून ते आडवं करून न्यायचं हेही तेव्हाच ठरलं.

माझ्या मते या तयारीतलं सगळ्यात मोलाचं काम हेच होतं, आणि त्याला एक खोका की टेपचा एक तुकडाही लागला नाही.

लाल नाडा

आता मुख्य गोष्ट. आधी सगळ्यांचा विचार असा की जे न्यायचं त्यावर चिठ्ठ्या लावू. पण जाणारं सामान खूप, राहणारं त्याच्या पावपट. आत्यानेच उलट सुचवलं: राहील त्याला खूण करायची. देवघरातल्या लाल नाड्याची रीळ काढली आणि गणपतीचा पाट, मखराच्या फळ्या, टाळ-झांजा, समया, सोवळ्याची भांडी, शिसवी कपाट, मोठी सतेली, जातं, असं एकेक करत तिने नाडे बांधले. नाडा दिसला की हात लावायचा नाही, ही एकच सूचना माणसांना द्यायची होती. मुकादमाची तीन पोरं विजापूरकडची, मराठी जेमतेम; चिठ्ठीपेक्षा नाडा त्यांना चटकन कळला.

मुलाने त्यावर आणखी एक गोष्ट केली. हलवता येण्यासारखं जे राहणारं सामान होतं ते सगळं माजघरात नेलं आणि शिफ्टिंगच्या सकाळी माजघराला कुलूप घातलं. नाड्यापेक्षा कुलूप खात्रीचं. चुकून मागे राहिलेली वस्तू पुढच्या खेपेला आणता येते. चुकून रत्नागिरीला गेलेलं घंगाळ दोन मजले उतरवून, घाटवळणं ओलांडून परत आणावं लागतं.

शिसवी कपाट का राहिलं ते सांगायला हवं, कारण त्यावरून घरात बोलाचाली झाली. ते आजेसासूबाईंचं, चार फूट रुंद, साडेसहा फूट उंच, खिळा न मारता सांधलेलं, न सुटणारं. आतेभावाने फ्लॅटच्या जिन्याचं वळण मोजून आणलं होतं. लिफ्टचं दार जेमतेम अडीच फूट. दोरीने बाल्कनीतून घेऊ, असं काकांचं म्हणणं. सोसायटीने त्याला परवानगी दिली नाही. मोजमाप कागदावर असल्यामुळे हा वाद शिफ्टिंगच्या पंधरा दिवस आधी ओटीवर चहा पिताना झाला. ते नसतं तर फ्लॅटखाली, कपाट डोक्यावर घेतलेल्या चार माणसांदेखत झाला असता.

तिसरा वर्ग देऊन टाकायच्या वस्तूंचा: जुना टीव्ही, शिवणयंत्राचं टेबल, खाट, पोतीभर कपडे. ज्यांना द्यायचं त्यांना आधी घेऊन जा म्हणून सांगितलं होतं. वाडीतली माणसं भिडस्त. "तुम्ही जाताय आणि आम्ही खाट उचलून न्यायची, बरं दिसतं का ते?" असं म्हणत दोघं-तिघं शिफ्टिंगच्याच दिवशी आली, आणि त्यांच्या खाटा-टेबलांनी खळ्यात ऐन वाटेवर जागा अडवली.

मिठाची हवा, वाळवी आणि बरण्या

समुद्र पाव कोसावर असला की स्क्रू फिरत नाहीत. पलंगाचे, ड्रेसिंग टेबलाचे, पंख्यांचे सगळे स्क्रू गंजून लाकडाशी एकजीव झाले होते. शिफ्टिंगच्या चार दिवस आधी प्रत्येकावर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं, आदल्या दिवशी पुन्हा मारलं. पलंगाचे दोन सोडून सगळे निघाले. त्या दोघांची डोकी कापावी लागली. कोरड्या हवेतल्या शहरांतून पॅकिंगचे जे सल्ले येतात त्यांत हे कधी नसतं. निघालेले स्क्रू त्या-त्या फर्निचरच्या फळीलाच पिशवीत घालून चिकटवले.

खोके आठवडाभर आधी आले होते. पुठ्ठा जमिनीवर ठेवला की आमच्याकडे वाळवीला आमंत्रण. म्हणून ते फळ्यांवर रचले. जाणाऱ्या प्रत्येक लाकडी वस्तूचा तळ उलटा करून टोकरून पाहिला. एका स्टुलाच्या पायात वाळवीची माती निघाली, तो स्टूल परसात जळणात गेला. नव्या फ्लॅटच्या फर्निचरमध्ये वाळवी नेऊन सोडणं हा शिफ्टिंगमधला सगळ्यात महाग पडणारा प्रकार असावा.

फ्रिज आदल्या सकाळी बंद करून, दार उघडं ठेवून, पुसून कोरडा केला. वॉशिंग मशीनमधलं पाणी नळी खाली धरून काढून टाकलं. इन्व्हर्टरची बॅटरी उभीच न्यायची, आत तेजाब असतं. तिच्या टोकांना टेप लावून ती वेगळ्या घमेल्यात ठेवली. गॅस सिलेंडर ट्रकमध्ये घालू नयेच, आणि गाव बदलताना तो बरोबर न्यायची गरजही नसते: सिलेंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करायचे, अनामत आणि व्हाउचर घ्यायचं, नव्या गावात त्यावर जोडणी घ्यायची. इथं मात्र घर उघडं ठेवायचं होतं, म्हणून जुनी जोडणी तशीच ठेवली आणि फ्लॅटसाठी मुलाच्या नावावर दुसरी घेतली.

राहिल्या बरण्या. लोणचं, आगळ, आमसुलं, मुरांबा, मीठ लावलेल्या कैऱ्या. आत्याने प्रत्येक चिनीमातीच्या बरणीचं झाकण काढून तोंडावर प्लास्टिकचा जाड तुकडा ताणला, दोऱ्याने आवळला, वर झाकण आणि त्यावर जुन्या धोतराचं फडकं. मग बरणी बादलीत उभी, भोवती पेंढा. आगळ म्हणजे मिठात मुरलेला कोकमाचा रस; तो गळला तर डाग जात नाही आणि लोखंड खातो. बरण्या ट्रकमध्ये जाणारच नाहीत, हे तिने पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. त्या देवांबरोबर, सातबारा आणि खरेदीखताच्या फायलीबरोबर, काकांच्या इन्सुलिनबरोबर गाडीतून गेल्या.

तो दिवस

माणसं सहा. मुकादम चिपळूणचा, पन्नाशीचा. आल्या आल्या त्याने घराची फेरी मारली आणि विचारलं, "सांगणारं मानूस कोन?" प्रश्न लाखमोलाचा होता. आतेभाऊ म्हणाला, मी. तरीही पहिला तासभर आत्या एक सांगत होती, काका ओटीवरून दुसरं, आणि समोरचे अण्णा, ज्यांचा या घराशी संबंध फक्त पत्ते खेळण्याचा, ते तिसरंच. शेवटी मुकादमाने अण्णांना अदबीने छोट्या हत्तीपाशी नेऊन उभं केलं आणि खोके मोजायचं काम दिलं. अण्णांनी ते इतकं चोख केलं की संध्याकाळी त्यांचा आणि कंपनीच्या यादीचा आकडा जुळला.

सगळी तयारी असून एक गोष्ट न ठरलेली राहिली होती: झोपाळा. ओटीवरचा, सागवानी फळीचा, पितळी कड्यांचा. आत्याला तो न्यायचा होता. काकांना वाटत होतं, ओटी ओकीबोकी दिसेल. फ्लॅटच्या छताला हूक आहे की नाही हे कोणी पाहिलेलं नव्हतं. दोन पोरं फळी हातांत तोलून धरून होती, तिसरा स्टुलावर चढून कडी सोडवत होता, आणि खाली नवरा-बायकोंची चर्चा चालली होती. मुकादम म्हणाला, "काकी, न्यायचा का ठेवायचा येकदा सांगा. पोरं हातात धरून हुबी ऱ्हायलीत." मग मुलाने फ्लॅटच्या वॉचमनला फोन लावला, वॉचमन वर गेला, हूक नव्हता. झोपाळा परत टांगला. या एका वस्तूपायी जेवढा वेळ गेला तेवढ्यात अख्खं स्वयंपाकघर खळ्यात आलं असतं.

घंगाळाचं व्हायचं तेच झालं. ते न्हाणीघरात होतं, माजघरात नाही, आणि ओल्या कडीवरचा नाडा घसरून पडलेला. अण्णांच्या नजरेला ते छोट्या हत्तीत दिसलं. "ह्याच्यात गणपतीच्या वेळेस पाणी तापवतात, हे कुठं चाललं?" म्हणून त्यांनीच उतरवलं.

दुपारी तीनच्या सुमारास वळीव आला. खळ्यावरचा झावळांचा मांडव अजून उतरवलेला नव्हता, पण तो उन्हासाठी, पावसासाठी नव्हे. गाद्या आणि पुस्तकं सकाळच्या पहिल्या खेपांतच गेली होती, म्हणून भिजली ती खुर्च्यांची पाठ आणि अण्णांचा सदरा. पाखाडी ओली झाल्यावर मुकादमाने काम थांबवलं. आतेभाऊ घाईला आला होता, तरी मी म्हणेन की मुकादमाचंच बरोबर होतं. ओल्या जांभ्यावर शेवाळ नसलं तरी पायाला भरवसा नसतो. तेवढ्यात त्यांचं दुसरं जेवण झालं. जेवणाचं आधी बोलून ठेवलेलं होतं: सकाळी पोहे, दुपारी भात, कुळथाचं पिठलं आणि तळलेले सांडगे, शिवाय पडवीत कोकम सरबताचं पातेलं दिवसभर. मे महिन्यातल्या त्या घामट हवेत माणसं पाण्यावर चालतात. पडवीतला संडासही त्यांच्यासाठी मोकळा ठेवला होता. साधी गोष्ट, पण बऱ्याच घरांत ती विचारायची पाळी पाहुण्यांवर, म्हणजे मजुरांवर येते.

तरीने की रस्त्याने

तवसाळहून जयगडला फेरीबोट आहे, तिच्यातून गाड्या जातात. गणपतीपुळ्यावरून रत्नागिरी, चिपळूणच्या रस्त्याच्या मानाने, साधारण निम्म्या अंतरावर येते. काकांचा आग्रह ट्रकही तिकडूनच न्यायचा. ड्रायव्हर नको म्हणाला. भरलेली उंच गाडी, ओहोटीला जेटीचा उतार वाढतो, आणि उशीर होऊन फेरी चुकली तर रात्र धक्क्यावर. ट्रक शृंगारतळी, चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा असा गेला. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण संगमेश्वराकडे वर्षानुवर्षं रेंगाळलेलं. तिथले हादरे गृहीत धरून ताटं उभी, पुस्तकं छोट्या खोक्यांत आणि काचेभोवती गोधड्या अशी बांधणी केली होती. देव, बरण्या आणि आत्या-काका गाडीने फेरीतून गेले आणि ट्रकच्या कितीतरी आधी पोचले.

उतरवणं दुसऱ्या दिवशी सकाळी. सोसायटीने लिफ्ट दुपारी एकपर्यंत दिली होती आणि खाली दोन गाड्यांची जागा मोकळी करून घेतली होती. खोक्यांच्या बाजूंवर नव्या घरातल्या खोलीचं नाव लिहिलेलं. वर लिहिलं असतं तर थप्पीत ते दिसलं नसतं. ड्रेसिंग टेबलाच्या आरशाला कोपऱ्यात तडा निघाला. मुकादम म्हणाला, आधीचाच असेल. आतेभावाकडे बांधणीच्या आधीचे फोटो होते. पोच पावतीवर सही करण्याआधी त्याने तडा लिहिला, उरलेल्या रकमेतून आरशाची किंमत कापून घेतली आणि मगच सही केली. पोरांच्या चहापाण्याचे पैसे मात्र कापले नाहीत.

भाद्रपदात

गणपतीला घर उघडलं तेव्हा राहिलेल्या सामानाचा निकाल लागला. तांब्या-पितळेला काही झालं नव्हतं, घासून लख्ख. शिसवी कपाट ठणठणीत. टाळ-झांजा, पाट, मखराच्या फळ्या माजघरात उंचावर होत्या, त्याही ठीक. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गाद्यांना मात्र बुरशी लागली होती, बंद माजघरात चार महिने हवाच नव्हती. दोन फेकाव्या लागल्या. पडवीतल्या कणगीत उंदरांनी घर केलं होतं. आता गाद्या रत्नागिरीला नेऊन चतुर्थीच्या आदल्या दिवशी गाडीने आणायच्या ठरल्या आहेत, आणि माजघराची मागची खिडकी पावसाळ्यात जाळी लावून उघडी ठेवायचं काम अण्णांनी अंगावर घेतलं आहे.